घोडा, नर, खच्ची, वजन शहाण्णव किलो

माझ्या मावशीने एकोणीस वर्षं लोकांच्या मेंदूचे, मणक्यांचे आणि गुडघ्यांचे स्कॅन तपासले, आणि त्यांतला एकही तिने पाहिला नव्हता. हे कुणाला खरं वाटत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

ती वैद्यकीय मंडळाच्या कचेरीत होती. एखाद्या कर्मचाऱ्याला आजारपणामुळे हलकं काम हवं असलं, किंवा मुदतीआधी निवृत्ती हवी असली, की तो आपला स्कॅन मंडळाकडे पाठवायचा. डॉक्टरांनी तो बघण्याआधी एक प्रश्न निकालात निघावा लागे: हा स्कॅन यंत्रातून निघाला तसाच आहे, की मधे कुणी हात मारलाय? ते ठरवायचं काम मावशीचं. कचेरीत तिला खरंखोटंबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई'.

स्कॅनच्या फाईलमध्ये चित्राखेरीज एक यादी असते. चित्र उघडलं तरी ती दिसत नाही, मुद्दाम उघडावी लागते. तिला मेटाडेटा म्हणतात. मावशी म्हणायची 'पाठ', जुन्या फोटोच्या पाठीमागे कुणी तारीख लिहून ठेवतं तशी. पेशंटचं नाव, जन्मतारीख, वजन, यंत्र कुठल्या बनावटीचं, त्याचा नंबर काय, कुठला काप किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी घेतला, फाईल शेवटी कुठल्या प्रोग्रॅमने जतन केली, अशा शेकडो ओळी, सगळ्या इंग्रजीत. माणसं चित्रात फेरफार करतात तेव्हा पाठीकडे त्यांचं लक्ष नसतं. तिथेच ती सापडतात.

एकदा छातीचा एक स्कॅन आला. एकशे ऐंशी काप, आणि सगळे एकाच सेकंदाला घेतलेले. मावशी म्हणाली, "हे यंत्र आहे की पाव कापायची सुरी?" मारला शिक्का. एकदा खांद्याची फाईल आली, ती चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या घालवायच्या प्रोग्रॅममधून जतन केलेली निघाली. पण उलटंही व्हायचं. एका बाईंचा गुडघा त्यांच्या जन्माच्या चार महिने आधी स्कॅन झाला होता. सगळ्या कचेरीने तो खोटा ठरवला. मावशीने त्याच यंत्रावरच्या त्या दिवशीच्या आणखी अकरा फाईली मागवल्या, अकराही तितक्याच वर्षांनी मागे होत्या. "घड्याळाचा सेल संपलाय," ती म्हणाली, "बाई खऱ्या आहेत." आणि गुडघा पास केला.

या कामाची सवय घरीही लागली होती. काका, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा त्यांनी दाताच्या दवाखान्यातून तिला आपल्या सुजलेल्या गालाचा फोटो पाठवला. मावशीने फोटो न बघता त्याची पाठ बघितली. फोटो काढला होता सिनेमागृहापाशी, आणि तोही तीन आठवड्यांपूर्वी. काका घरी आले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "दात बरा होता का? शेवट गोड झाला?" काकांनी पुढे आयुष्यभर सिनेमाला जाताना सांगून जायची सवय लावून घेतली.

आता ती चित्रं का बघत नसे, ते. मंडळात यायच्या आधी ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. एके दिवशी तिची मोठी बहीण, म्हणजे माझी आई, खोकला जात नाही म्हणून तिच्याकडे आली. मावशीनेच तिला उभं केलं, हनुवटी वर करायला लावली, श्वास धरायला सांगितला. फिल्म हातात आली तेव्हा जे दिसायचं ते तिला दिसलं. पण निदान सांगायचा अधिकार डॉक्टरांचा, आणि डॉक्टर रजेवर. मावशीने अकरा दिवस तोंड मिटून काढले. त्यांतल्या दोन दिवशी आई तिच्याकडे जेवायला होती. पुढे काय झालं ते मी सांगत बसत नाही. वर्षभरात मावशीने बदली मागितली, आणि नव्या जागी पहिल्याच दिवशी पडद्याच्या ज्या भागात चित्र उमटतं त्यावर पुठ्ठा चिकटवला. लोकांना वाटायचं हा निःपक्षपातीपणा. साहेबांनी एका बैठकीत त्याचं कौतुकही केलं होतं.

तिची खोली तळघरात होती. पूर्वी तिथे धुलाईखाना होता. जमिनीच्या मधोमध अजून पाणी जायची जाळी होती आणि खुर्ची घरंगळत घरंगळत त्या जाळीकडेच जायची. टेबलावर दोन शिक्के होते: एक 'अबाधित', एक 'बदललेले'. तिसरा नव्हता. कधी लागलाही नव्हता.

मग बसवाल्याची फाईल आली.

बसवाला म्हणजे शहरातल्या बसचा ड्रायव्हर, वय चव्वेचाळीस, बावीस वर्षं नोकरी, कमरेच्या मणक्यांतली गादी सरकलेली. त्याला आगारातल्या चौकशीच्या खिडकीवर बदली हवी होती. अर्ज साधा, एमआरआय जोडलेला. मावशीने पाठ उघडली आणि तिची खुर्ची जाळीपर्यंत गेली तरी तिला कळलं नाही.

पेशंट: बसवाल्याचं नाव. वजन: शहाण्णव किलो. प्रजाती: घोडा. जबाबदार व्यक्ती: बसवाल्याची बायको. नाते: मालक.

आणि त्याखाली एक ओळ, जी तिने एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती. तिच्यापुढे एकच शब्द होता: 'ऑल्टर्ड'. बदललेला.

मावशीने नियमपुस्तिका काढली. ही यादी कशी भरायची याची ती पुस्तिका विटेएवढी जाड होती आणि एरवी दाराला अडसर म्हणून ठेवलेली असे. दोन तास शोधल्यावर तिला ती ओळ सापडली. ओळ जनावरांच्या दवाखान्यांसाठी होती. जनावर खच्ची केलेलं आहे की नाही हे तिथे लिहायचं. इंग्रजीत जनावर खच्ची केलं की त्याला 'ऑल्टर्ड' म्हणतात. न केलेलं असलं की 'अनऑल्टर्ड'.

बाकी पाठ तिने तीनदा वाचली. काप क्रमाने होते. वेळा एकामागून एक, मधे टेबल सरकायला लागतात तेवढीच सेकंदं. प्रत्येक कापाचा साठ-पासष्ट आकडी नंबर यंत्राच्या नंबराशी जुळत होता. फाईल यंत्रातून निघाल्यावर कुणी उघडून जतन केलेली नव्हती. इतकी स्वच्छ पाठ तिने वर्षभरात पाहिली नव्हती. ती फाईल घेऊन साहेबांकडे गेली.

साहेब म्हणजे विभागप्रमुख. वाईट माणूस नव्हता. फक्त कागदावर जे आहे ते जगात आहे आणि जे नाही ते नाही, असं तो मनापासून मानायचा.

"बाई, यात विचार करण्यासारखं काय आहे?" चष्मा लावून त्यांनी ती ओळ वाचली. "फाईल स्वतःच कबूल करतेय. ऑल्टर्ड. बदललेली आहे म्हणते."

"साहेब, फाईल बदललेली नाही. घोडा बदललेला आहे."

"म्हणजे कुणी तरी घोडा बदलला?"

"नाही. घोडा तोच आहे."

"मग बदललं काय?"

मावशी शब्द शोधत होती. साहेब वयाने मोठे, दार उघडं, बाहेर टंकलेखक बाई कान टवकारून बसलेल्या. शेवटी ती म्हणाली, "साहेब, घोड्याला पिल्लं होणार नाहीत, असं लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरं," ते म्हणाले. "पण मग अर्जदार घोडा आहे हे तुम्हाला मान्य आहे."

"मला नाही. फाईलला आहे."

"आणि फाईल खरी आहे असं तुम्हीच म्हणता."

"अबाधित आहे, असं म्हणते मी."

"एकच ते." आणि त्यांनी मजकूर सांगायला टंकलेखक बाईंना आत बोलावलं.

तिसऱ्या दिवशी बसवाल्याला पत्र पोचलं: 'आपण घोडा नसल्याबाबतचा पुरावा सात दिवसांच्या आत समक्ष सादर करावा, अन्यथा आपणांस याबाबत काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

चौथ्या दिवशी सकाळी नवराबायको तळघरात हजर. बसवाला आडमाप अंगाचा, मऊ आवाजाचा माणूस. उभाच राहिला, कारण बसलं की उठताना त्रास व्हायचा. बायको शाळेत शिपाई होती, चारशे मुलांना एका हाकेत रांगेत उभी करणारी.

"ताई, हे काय आहे?" तिने पत्र टेबलावर ठेवलं. "तीन मुलं आहेत आम्हाला. आणि इथे खच्ची?"

"हळू गं," बसवाला म्हणाला.

"हळू काय? सासूबाईंच्या हातात पडलं पत्र! कालपासून माझ्याकडे बघतायत, मीच काही तरी केल्यासारखं."

मावशीने तिला खुर्ची दिली आणि पायाने ती जाळीपासून अडवून धरली. "तुम्ही स्कॅन काढला कुठे?"

हकिगत सरळ होती. मोठ्या दवाखान्यातलं यंत्र चार महिने बंद. एक सुटा भाग परदेशातून यायचा होता. बाकीच्या ठिकाणी नंबर लागायला आठ महिने. मंडळाच्याच परिपत्रकात लिहिलं होतं की स्कॅन 'कोणत्याही नोंदणीकृत यंत्रावर' काढलेला चालेल. गावाबाहेर जनावरांचा मोठा दवाखाना होता, त्यांचं यंत्र नोंदणीकृत होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई दर मंगळवारी सकाळी दोन माणसं घ्यायच्या.

"चांगलं आहे हो तिथलं यंत्र," बसवाला म्हणाला. "ऐसपैस. मोठ्या दवाखान्यातल्या नळकांड्यात माझे खांदे अडकतात. इथे हात पसरून झोपलो."

"आणि पुरावा काय आणलाय?" मावशीने विचारलं.

त्याने पिशवी रिकामी केली. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, बस चालवायचा परवाना, लग्नाचा फोटो, रक्तगटाचं कार्ड. तेवढ्यात साहेब खाली आले. त्यांनी एकेक कागद नीट वाचला आणि परत ठेवला.

"यात कुठेही माणूस असं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

सगळ्यांनी पुन्हा बघितलं. खरंच नव्हतं. नाव होतं, तारीख होती, उंची होती, डाव्या भुवईवरची खूण होती. माणूस असल्याचं कुणी लिहून दिलं नव्हतं.

"आम्ही नवा दाखला आणला तर?" बसवाल्याने विचारलं.

"अवश्य आणा," साहेब म्हणाले. "पण तो फाईलशी जुळला पाहिजे. फाईलमध्ये घोडा आहे."

कचेरीत तोवर गोष्ट पसरली होती. जिन्यावर कुणी म्हणे घोडं अडलंय कुठे, कुणी म्हणे घोडामैदान जवळच आहे. कॅन्टीनवाल्याने बसवाल्याला चहाबरोबर गाजर दिलं. बसवाल्याने ते मुकाट्याने खाल्लं. भूक लागली होती म्हणाला.

मावशीला मात्र झोप लागेना. काका म्हणाले, "त्यात काय, जनावरांच्या दवाखान्यात फोन कर, दुरुस्त करून घे. लिफ्टमध्ये चौथा मजला पाचवा दाखवत असेल तर आम्ही बटण बदलतो, इमारत नाही पाडत."

"बटण बदललं की माझ्यासाठी ती दुसरी लिफ्ट," मावशी म्हणाली आणि कूस बदलली.

सकाळी ती स्वतःच गेली. एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदा एखाद्या यंत्राला भेटायला जात होती.

दवाखाना म्हणजे एक उंच पत्र्याचं छप्पर, खाली गवताचा आणि जंतुनाशकाचा मिसळलेला वास, आणि वरून लोंबणारी साखळदंडांची भली मोठी क्रेन. भूल दिलेल्या घोड्याला चारी पायांना पट्टे लावून उचलतात ती. डॉक्टरीणबाई गमबूट घालून एका वासराच्या कानात काही तरी टाकत होत्या. बुटक्या, दणकट, आणि बोलणं दुरून हाक मारल्यासारखं.

"घोडा? हो, मीच लिहिला घोडा!" त्या म्हणाल्या. "अहो बाई, यंत्र प्रजाती विचारल्याशिवाय पुढे जात नाही. यादीत माणूस नाहीच. कुत्रा, मांजर, गाय, गाढव, घोडा. कुत्रा टाकला तर ऐंशी किलोच्या वर यंत्र नाही म्हणतं. तुमचा गडी शहाण्णव. गाय टाकली तर गर्भार आहे का विचारतं. मग घोडाच बरा की."

"आणि खच्ची?"

"अखंड, म्हणजे खच्ची न केलेला घोडा म्हटलं की यंत्र भुलीच्या इंजेक्शनाची नोंद मागतं आणि घोडा धरायला दोन मोतद्दार उभे असल्याची सही मागतं. मी काय त्या बिचाऱ्याला घोड्याची भूल देऊ? उठलाच नसता." त्यांनी वासराला एक थाप दिली. "दोन मिनिटं द्या, मूळ फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून आत्ता माणूस करून देते त्याला."

"नको!" मावशी इतक्या जोरात ओरडली की वासरू दचकलं. "तुम्ही हात लावलात की मला 'बदललेले' शिक्का मारावा लागेल. मग तो कायमचा बाद."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "म्हणजे खरी माहिती घातली की खोटा, आणि खोटी ठेवली की खरा?"

"खोटी ठेवली की अबाधित," मावशी म्हणाली. "खरं-खोटं माझ्या शिक्क्यात नाही."

"तुमच्या कचेरीपेक्षा माझं गाढव शहाणं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तिला यंत्राच्या खोलीत घेऊन गेल्या.

मावशीने तिथे चार तास घालवले. यंत्र स्वतःची जी रोजनिशी ठेवतं ती उतरवून घेतली. त्या मंगळवारी दहा चाळीसला सुरुवात, अकरा अठराला शेवट, एकदा तीन मिनिटांचा खंड. "तेव्हा त्याला शिंक आली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सगळं फाईलशी सेकंदाला सेकंद जुळलं. मग डॉक्टरीणबाईंनी सहज म्हणून पडद्यावर चित्र लावलं.

मावशीने मान फिरवली.

"अहो बघा तर! एका नजरेत संपतं प्रकरण. कमरेचे मणके मोजा. घोड्याला बहुतेक सहा असतात. हे बघा, एक, दोन, तीन, चार, पाच. माणूस. खाली शेपूट नाही. अजून काय हवं?"

"मी चित्रं बघत नाही."

"का?"

मावशीने सांगितलं. का सांगितलं ते तिलाही कळलं नाही. तिने हे काकांनासुद्धा धड सांगितलं नव्हतं. गवताच्या वासात, एका अनोळखी बाईला, उभ्याउभ्या, अकरा दिवसांचं सगळं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला पेशंटला काही सांगावं लागत नाही, मालकाला सांगावं लागतं. पण जनावर माझ्याकडे बघत असतं हो." आणि पडदा बंद करायला गेल्या.

"राहू दे," मावशी म्हणाली.

तिने बघितलं. राखाडी पार्श्वभूमीवर पाच मणके एकावर एक, आणि चौथ्या-पाचव्याच्या मधून गादी बाहेर आलेली, मिटल्या ओठांतून जिभेचं टोक यावं तशी. ती नेमकी नसेवर टेकली होती. मावशी पूर्वीच्या कामामुळे अशा गोष्टी जाणत होती, विसरली नव्हती. तिला एकदम कळलं की हा माणूस तिच्या खोलीत पाऊण तास उभा होता आणि गाजर खाताना एका पायावर भार देत होता. "अगं बाई," ती म्हणाली, "दुखत असेल गं फार."

मंडळाची सुनावणी पुढच्या गुरुवारी होती. टेबलाच्या पलीकडे अध्यक्षबाई, शेजारी हाडांचे डॉक्टर, कडेला साहेब. अलीकडे बसवाला आणि बायको. बसवाल्याने कोट घातला होता.

हाडांच्या डॉक्टरांनी चित्र उजेडाकडे धरलं. "पाठ माणसाची आहे. गादी सरकली आहे. खिडकीवर बसू द्या याला. पुढचं प्रकरण?"

"डॉक्टर," अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे आपलं वैद्यकीय मत झालं. पण दस्तऐवज घोड्याचा आहे. घोड्याबद्दल मत द्यायचा आपल्याला अधिकार आहे का?"

डॉक्टरांनी विचार केला आणि नाही म्हणाले. साहेबांनी समाधानाने मान हलवली.

मावशी उठली. ती कधी सुनावणीला बोलत नसे, तिचा शिक्काच बोलायचा. तिने सांगितलं की फाईल यंत्रातून निघाली तशीच आहे, एकाही आकड्याला कुणी हात लावलेला नाही. घोडा हा शब्दही पहिल्या मिनिटापासून तिथे आहे, नंतर कुणी घातलेला नाही. तो चुकीचा आहे, पण तो अस्सल चुकीचा आहे. आणि ती चूक का झाली, याचा डॉक्टरीणबाईंच्या सहीचा जबाब तिने सोबत जोडला होता.

"मग तुमचा शिक्का कोणता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अबाधित."

"म्हणजे तो घोडाच राहतो."

"फाईलमध्ये राहतो."

तेवढ्यात बसवाल्याची बायको उभी राहिली. चारशे मुलांचा आवाज तिने अर्ध्यावर आणला. "बाईसाहेब, एक विचारू? खिडकीवर बसायला माणूसच लागतो, असं कुठे लिहिलंय का?"

अध्यक्षबाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नियमावली उघडली. आता मात्र ते त्यांच्या हक्काच्या मैदानात होते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी बोट फिरवलं. पंचवीस मिनिटं लागली. हाडांचे डॉक्टर तोवर बसवाल्याला उठायबसायचा एक सोपा प्रकार शिकवत होते.

"कर्मचारी असा शब्द आहे," साहेब शेवटी म्हणाले. आवाजात खंत नव्हती, उलट एक प्रकारचा आनंद होता. "व्याख्या: ज्यास कर्मचारी क्रमांक देण्यात आला आहे तो. प्रजातीबाबत नियमावली मौन आहे. यांना क्रमांक आहे. चार हजार चारशे सतरा."

"नियमात बसतंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तंतोतंत."

आदेशाची प्रत माझ्याकडे आहे, म्हणून शब्दशः सांगते: 'सदर घोडा (कर्मचारी क्र. ४४१७) याच्या कमरेच्या विकाराची खात्री पटल्याने त्यास चालकपदावरून मुक्त करून आगारातील चौकशी खिडकीवर नेमण्यात येत आहे. खिडकीची उंची त्यास सोयीची असल्याची आगारप्रमुखांनी खात्री करावी.'

आगारप्रमुखांनी खरोखरच टेप घेऊन खात्री केली.

बसवाल्याला खिडकी मानवली. तो उभं राहून बोलायचा, मधेच बसायचा, पुन्हा उभा राहायचा, आणि कुठली बस कुठे जाते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षाच्या शेवटी त्याला पशुसंवर्धन खात्याकडून धनुर्वाताच्या लसीसाठी पत्र आलं. तो जाऊन लस घेऊन आला. "फुकट होती," म्हणाला, "आणि रांगेत सगळे शांत होते." घरी सासूबाईंचं समाधान काही झालं नाही. पुढच्या वर्षी चौथं मूल झालं तेव्हा त्यांनी बाळाचे कान बराच वेळ निरखून पाहिले, असं सून हसून सांगते.

मावशीला साहेबांनी लेखी ताकीद दिली. तिने चित्र पाहिल्याचं आपल्या अहवालात स्वतःच लिहिलं होतं, आणि ते तिच्या कामाच्या व्याख्येत नव्हतं. तिने ताकीद वाचली, तारीख-वेळ तपासली, आणि फायलीला लावली.

निवृत्त झाल्यावर ती घरी बसली नाही. शर्यतीच्या घोड्यांचे स्कॅन बदलून विकणारे लोक असतात, हे डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. लंगडा घोडा धडधाकट म्हणून खपवायचा. आता दर मंगळवारी मावशी गावाबाहेरच्या त्या पत्र्याच्या छपराखाली जाते. आधी पाठ वाचते, मग चित्र बघते, मग बाहेर जाऊन प्रत्यक्ष घोड्याला बघून येते. डॉक्टरीणबाई म्हणतात तिसऱ्याची काही गरज नसते. मावशी म्हणते, असते. दोघींचं यावरून दर मंगळवारी वाजतं, आणि चहा गार होतो.